४८ तासांत केलेला गेम ‘तीन शिट्ट्या’ : खेळून बघा आणि खटकलं ते स्पष्ट लिहा

अर्धमात्रा (शुक्र, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी,

मागच्या शनिवार-रविवारी एका ऑनलाइन गेम जॅममध्ये भाग घेतला होता. जॅम म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शुक्रवारी रात्री आयोजक एक विषय जाहीर करतात. तिथून ४८ तासांत त्या विषयावर खेळता येईल असा गेम तयार करून चढवायचा. मग सगळे सहभागी एकमेकांचे गेम खेळतात, गुण देतात, अभिप्राय लिहितात. ‘लुडम डेअर’ हा यातला जुना आणि मोठा, २००२ पासूनचा. मी होते तो अगदी छोटा होता.

विषय आला ‘पडद्याबाहेर’. मी हॉलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, डोक्यात काहीच येत नव्हतं. तेवढ्यात गॅलरीतून आईचा आवाज आला, “किती झाल्या गं?” मी म्हटलं, “दोन.” कुकरकडे माझं लक्ष आहे हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, पण आकडा बरोबर होता. गेम तिथेच ठरला.

गेममध्ये तुम्ही सातवीतली मुलगी आहात. आई खाली भाजी घ्यायला गेली आहे आणि जाताना सांगून गेली आहे, “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.” (आवाज माझ्या आईचाच आहे, पाच वेळा रेकॉर्ड केला, पहिलाच ठेवला.) पडद्यावर फक्त हॉल दिसतो. कुकर उजवीकडे स्वयंपाकघरात, तो संपूर्ण गेममध्ये एकदाही दिसत नाही. दरम्यान सिलिंडरवाला बेल वाजवतो, मावशीचा फोन येतो, मांजर दुधाकडे निघतं, गणिताचा गृहपाठ समोर पडलेला असतो. आणि डाव्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचाही कुकर लागलेला असतो. त्यांच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत.

तुम्ही गॅस बंद केलात की आई येते, कुकर उघडते आणि ताट समोर येतं. एका शिट्टीवर तांदूळ दाताखाली येतो, दोनवर डाळ अख्खी राहते, तीनवर वरण-भात-तूप-लिंबू, चारवर भात आसट, पाच किंवा जास्त झाल्या तर तळाला लागलेला. पाचही ताटं हाताने रंगवून स्कॅन केली आहेत. सगळा गेम चार मिनिटांचा आहे.

गेम बनवायच्या ‘गोडो ४’ या सॉफ्टवेअरमध्ये केला आहे. ब्राउझरमध्ये खेळता येतो, विंडोजसाठी डाउनलोडही ठेवला आहे. जॅममध्ये आत्तापर्यंत अकरा जणांनी गुण दिले. ‘वेगळा आहे’, ‘गोड आहे’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं. ते वाचून बरं वाटलं, पण त्यावरून गेममध्ये काय बदलायचं ते कळत नाही. म्हणून इथे विचारते आहे. कुठे अडलात, कुठे कंटाळलात, शेजारचा कुकर ओळखू आला का, आणि कोणतं ताट मिळालं, एवढं तरी नक्की लिहा.

---

चिंचबोर (शुक्र, रात्री ९:५२)

तिसऱ्या ताटातल्या लिंबाच्या फोडीला बी काढलीय!! फार आवडलं.

पण पहिल्यांदा उघडला तेव्हा आवाजच नव्हता. मला वाटलं शिट्टी अजून व्हायचीय. दोन मिनिटं शांत बसून राहिले. मग कुठेतरी क्लिक केलं आणि एकदम आवाज सुरू झाला. तोवर दोन होऊन गेल्या असाव्यात. आसट भात.

---

अर्धमात्रा (शुक्र, रात्री १०:०५)

चिंचबोर, धन्यवाद, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. माणसाने पानावर काही दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरूच करू देत नाही. माझा गेम पान उघडताच सुरू होतो, त्यामुळे घड्याळ पुढे पळतं आणि आवाज मागे राहतो. सुरुवातीला ‘खेळायला बसा’ असं एक बटण टाकते. ते दाबलं की मगच आई घराबाहेर पडेल.

---

माळरान (शुक्र, रात्री ११:३८)

सहा वेळा खेळलो. आधी आवडलेलं सांगतो, कारण ते खरंच आवडलं. विषय ‘पडद्याबाहेर’ असताना बहुतेक लोक पडद्याच्या कडेला काहीतरी लपवतात. तुम्ही गेमचा मुख्य ऐवजच बाहेर ठेवलात आणि पडद्यावर नुसते अडथळे ठेवले. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये विषय होता ‘नॉट देअर’. आर्वी तेइकारीने त्यातला ‘नॉट’ उचलला, वाक्याचे शब्द ढकलून नियम बदलता येतील असा गेम केला, आणि त्यातून ‘बाबा इज यू’ जन्माला आला. विषयाकडे सरळ न बघता त्याच्या एका शब्दाला धरायचं, ही सवय चांगली. तुमच्यात ती आहे.

आता खटकलेलं.

एक तर मावशीचा फोन. पहिल्यांदा मजा येते. दुसऱ्यांदा तेच बोलणं पूर्ण ऐकावं लागतं, मध्ये ठेवता येत नाही. चार मिनिटांच्या गेममधली पन्नास सेकंद मावशीची आहेत, मी घड्याळ लावून मोजली. जो गेम हरून पुन्हा खेळायचा आहे त्यात एकच संवाद पुन्हा पुन्हा ऐकायला लावला की माणूस टॅब बंद करतो. मावशीला मध्येच “आई आली, ठेवते” असं सांगता आलं पाहिजे. त्याची शिक्षा द्यायची तर द्या, मावशी रुसेल.

दुसरं, गॅस बंद करायला उजवीकडे चालत जावं लागतं, त्यात दीड-दोन सेकंद जातात. मी तिसरी शिट्टी ऐकून निघालो, दारात पोचलो आणि चौथी सुरू झाली. मोजणी बरोबर असून आसट भात मिळाला. हे फार लागलं. ‘सेलेस्ट’ या उड्या मारत डोंगर चढायच्या गेममध्ये कडेवरून पाय सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत, म्हणजे क्षणाच्या अंशापर्यंत, उडी मारता येते. खेळणाऱ्याला ते कळतही नाही, त्याला फक्त आपली उडी बरोबर बसल्यासारखी वाटते. (तो गेमही आधी २०१५ मध्ये चार दिवसांत पिको-८ या छोट्या गेमसाठीच्या सॉफ्टवेअरवर केलेला होता, पूर्ण रूपात २०१८ मध्ये आला.) तुम्ही तसंच करा. खेळाडू स्वयंपाकघराकडे वळला त्या क्षणी जेवढ्या शिट्ट्या झाल्या असतील तेवढ्याच धरा.

तिसरं आणि सगळ्यात मोठं. शेजारचा कुकर मला एकदाही ओळखू आला नाही. दोन्ही शिट्ट्या हुबेहूब सारख्या वाटतात. हेडफोन लावूनही. सहापैकी चार वेळा त्यापायीच हरलो. फरक असेल तर तो इतका बारीक आहे की मला मुद्दाम फसवल्यासारखं वाटलं.

---

सायंकाळ (शनि, सकाळी ७:२०)

माळरान, मला उलटा अनुभव. शेजारचा कुकर लगेच कळतो की! भिंतीआडून दबका आवाज येतो, अगदी आमच्या जुन्या चाळीतल्यासारखा. मला तर तो भाग जरा सोपाच वाटला. दुसऱ्याच खेपेला वरण-भात मिळाला.

---

चिंचबोर (शनि, सकाळी ८:०२)

मला माळरानांसारखंच. दोन्ही शिट्ट्या एकच. मी तर शेजारचा कुकर अजून लागलेलाच नाही असं धरून चालले होते.

---

अर्धमात्रा (शनि, सकाळी ८:४०)

हे वाचून गोंधळले. शेजारच्या शिट्टीचं वेगळं रेकॉर्डिंग नाही हे खरं. आवाज एकच आहे, पण शेजारचा वेगळ्या ऑडिओ बसवरून, म्हणजे गेममधल्या आवाजाच्या वेगळ्या वाटेवरून, जातो आणि त्या बसवर लो-पास फिल्टर लावलेला आहे, म्हणजे वरचे तीक्ष्ण स्वर कापले जातात. शिवाय थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा आवाज. माझ्याकडे फरक ढळढळीत ऐकू येतो. कोणी ब्राउझरमध्ये खेळलं आणि कोणी डाउनलोड करून, तेवढं सांगाल का?

---

सायंकाळ (शनि, सकाळी ८:५१)

डाउनलोड. विंडोज.

---

माळरान (शनि, सकाळी ९:१५)

ब्राउझर.

---

चिंचबोर (शनि, सकाळी ९:३०)

ब्राउझर. एकदा ऑफिसच्या लॅपटॉपवर, एकदा फोनवर.

---

तारमास्तर (शनि, सकाळी १०:४४)

सापडलं. हे मी स्वतः दोन दिवस डोकं आपटून शिकलोय, म्हणून सविस्तर लिहितो. पुढे कोणाला शोधताना हा धागा सापडला तर त्याचे दोन दिवस वाचतील.

गोडो ४.३ पासून ब्राउझरसाठीचं एक्स्पोर्ट, म्हणजे तिथे चालणारी आवृत्ती, थ्रेडशिवाय करता येतं. (थ्रेड म्हणजे प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं.) ते चांगलंच आहे, कारण आधी थ्रेडसाठी सर्व्हरने पानासोबत काही खास हेडर (ब्राउझरसाठीच्या सूचना) पाठवावे लागायचे आणि बऱ्याच ठिकाणी गेम उघडायचाच नाही. पण एकाच थ्रेडवर सगळं चाललं की आवाज तुटायला लागतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी वेबसाठी ‘सॅम्पल’ ही पद्धत आणली. तिच्यात गोडो आवाज स्वतः मिसळत बसत नाही, आवाजाची फाइल ब्राउझरच्या हाती देतो आणि तो ती वाजवतो. आवाज स्वच्छ येतो. मात्र ती फाइल तुमच्या बसवरच्या इफेक्टमधून जातच नाही. लो-पास नाही, रिव्हर्ब नाही. दिशा आणि अंतरही काही वेळा नीट लागत नाही. वेबसाठी हीच पद्धत आपोआप निवडलेली असते आणि एडिटरमध्ये तुम्हाला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणजे ब्राउझरमध्ये खेळणाऱ्यांना दोन्ही कुकर तंतोतंत एकच ऐकू आले. माळरान, तुमचे कान शाबूत आहेत.

पद्धत बदलून ‘स्ट्रीम’ करता येते, इफेक्ट परत मिळतात, पण थ्रेड बंद असतील तर साध्या फोनवर आवाज तडतडतो. सोपा मार्ग वेगळाच आहे. शेजारची शिट्टी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, १,००० हर्ट्झच्या वरचं लो-पासने कापा, थोडा रिव्हर्ब द्या आणि वेगळी फाइल म्हणून जतन करा. इफेक्ट फाइलमध्येच शिजवलेला असला की कोणतीही पद्धत असो, ऐकू येणारच.

आणि अजून एक, आयफोनवर बाजूचं बटण सायलेंटवर असेल तर ब्राउझरमधल्या गेमचा आवाज येत नाही. सुरुवातीच्या पानावर तशी एक ओळ टाका.

---

अर्धमात्रा (शनि, दुपारी १:१०)

तारमास्तर, अगदी हेच होतं. आत्ता दोन्ही शेजारी शेजारी लावून ऐकलं. आठवडाभर मी डाउनलोडचीच आवृत्ती उघडत होते. लोक खेळत होते ती ब्राउझरमधली आवृत्ती मी एकदाही शेवटपर्यंत खेळले नव्हते. जॅममध्ये एकाने ‘शिट्ट्या कुठल्याही क्षणी येतात, मोजण्यात अर्थ नाही’ असं लिहून कमी गुण दिले होते. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता कळतंय की त्याला जसं ऐकू आलं तसं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्याला उत्तर लिहिते.

---

रुखवत (शनि, दुपारी ३:२५)

मला गेममधलं काही कळत नाही, नातवाने लावून दिला. मात्र कुकर गेली चाळीस वर्षं लावते आहे, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

पोरी, तुझा कुकर घड्याळासारखा वाजतो. दर चाळीस सेकंदांनी एक. खरा कुकर असा नसतो. पहिली शिट्टी सगळ्यात उशिरा. माझ्याकडे मध्यम गॅसवर तिला सात-आठ मिनिटं लागतात, कारण तोवर पाणी तापायचं असतं, वाफ साठायची असते. एकदा दाब चढला की शिट्टी झाल्यावर तो थोडासाच उतरतो आणि पुढची लवकर येते. म्हणून पहिलीची वाट बघून माणूस कंटाळतो, दुसऱ्या कामाला लागतो, आणि दुसरी-तिसरी लागोपाठ येतात. आमची फजिती नेहमी तिथेच होते. तुझ्या गेममध्ये तसं केलंस तर मांजर आणि मावशी न घालतासुद्धा माणूस चुकेल.

शिट्टी एकदम होत नाही हेही बघ. आधी फुसफुस सुरू होते, मग वजन थरथरतं, टकटक करतं, आणि मग उचललं जातं. ती टकटक ऐकली की मी हातातलं काम संपवायला घेते. आणि कधी कधी शिट्टी अर्धवट होते. नुसतं ‘फुस्स’ करते आणि बसते. ती धरायची की नाही यावरून आमच्या घरात वाद झालेले आहेत. सासूबाई धरायच्या, मी धरत नाही. ती तुझ्या गेममध्ये असायलाच हवी.

शेवटचं. गॅस बंद केला की तुझी आई लगेच येऊन झाकण उघडते. असं कोणी करत नाही आणि करूही नये. आत वाफ कोंडलेली असते, अंगावर येईल. गॅस बंद केला की वाफ जिरू द्यायची. दहा मिनिटं घरात अगदी शांत वाटतं, कुकरचा फक्त बारीक टिकटिक आवाज येत असतो गार होताना. तेवढ्यात पानं घ्यायची. ताटं सुंदर काढली आहेस. मीठ मात्र डावीकडे वर वाढतात, तू उजवीकडे वाढलं आहेस.

---

माळरान (शनि, संध्याकाळी ५:०२)

रुखवतताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. गेम रचणाऱ्यांनी ताण कसा चढवावा यावर मी जे काही वाचलंय ते सगळं एका कुकरमध्ये निघालं. आधी लांबलेली वाट, मग लागोपाठ घाई. आधी सूचना, मग घटना. आणि जिच्याबद्दल खात्री देता येत नाही अशी एक अर्धी शिट्टी.

अर्धमात्रा, अर्धी शिट्टी नक्की टाका. पण ती ‘बरोबर’ कशी धरायची ते खेळाडूला कुठूनतरी कळायला हवं. फ्रिजवर आईची चिठ्ठी असेल तर? “फुसकी धरू नकोस.” जो वाचेल त्याला माहीत.

---

अर्धमात्रा (शनि, संध्याकाळी ६:३०)

मीठ! आईनेही हेच सांगितलं होतं, मी घाईत राहू दिलं. ताट पुन्हा रंगवते.

वाफ जिरण्याची शांतता मला सगळ्यात जास्त भावली. आत्ता गेमचा शेवट धाडकन होतो. गॅस बंद केल्यावर सगळे अडथळे थांबतील, फोन नाही, बेल नाही, आणि खेळाडू हॉलमध्ये बसून आईच्या पावलांची वाट बघेल. आपलं किती चुकलं हे त्याला त्या वीस सेकंदांत माहीत नसेल.

---

निळीशाई (शनि, रात्री ९:१८)

कालपासून वाचते आहे. लिहावं की नको असं वाटत होतं.

मला उजव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नाही. डाव्यानेही कमी. गेम डाउनलोड करून खेळले, म्हणजे फिल्टर वगैरे व्यवस्थित होतं. तरी मला तो खेळता आला नाही. उजवीकडून काय आणि डावीकडून काय, माझ्यासाठी सगळं डावीकडेच. दबका आवाज आणि मोकळा आवाज यातला फरक कळायला आवाज मोठा करावा लागला आणि मग मिक्सरच्या आवाजाने डोकं दुखायला लागलं.

तक्रार म्हणून लिहीत नाही. कल्पना मनापासून आवडली म्हणूनच अडलेलं सांगते. ऐकू कमी येत असलं तरी घरी कुकर मीच लावते. ओट्याच्या वरच्या टाइलवर प्रत्येक शिट्टीला वाफेचा ढग उठतो, तो दिसतो. हॉलमध्ये असेन तर स्वयंपाकघराच्या दाराच्या काचेवर धूसर होतं आणि हळूहळू विरतं. कुकर तुमच्या पडद्याबाहेर आहे, राहू दे. पण दाराची काच पडद्यावर आणता येईल. शेजाऱ्यांच्या शिट्टीने आपल्या काचेवर वाफ धरत नाही.

आणि आवाजाची अक्षरं हवीत. ‘शिट्टी, उजवीकडे’, ‘शिट्टी, भिंतीपलीकडे’ असं काहीतरी.

अजून एक, आईची गोष्ट. बोलण्याच्या नादात ती किती शिट्ट्या झाल्या ते विसरायची. म्हणून ओट्यावर हरभऱ्याचे तीन दाणे ठेवायची. शिट्टी झाली की एक दाणा डब्यात. ओटा रिकामा झाला की गॅस बंद. अजूनही करते.

---

सायंकाळ (शनि, रात्री ९:४७)

निळीशाई, लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

एकच शंका, मनात आली म्हणून विचारते. ‘भिंतीपलीकडे’ असं लिहूनच दाखवलं तर गेमचं कोडं उरत नाही ना? मग फक्त आकडे मोजायचे.

---

निळीशाई (शनि, रात्री १०:१०)

सायंकाळ, प्रश्न योग्य आहे. तुम्हाला कोणती शिट्टी कुठली हे कान सांगतात, मला अक्षरं सांगतील. आपण दोघी मग एकाच जागी येतो. तिथून पुढे गेम सुरू होतो. मावशी बोलत असताना, मांजर दुधापाशी असताना, दोन झाल्या की तीन, हे डोक्यात धरून ठेवणं. तुम्ही दुसऱ्या खेपेला जिंकलात कारण शेजारचा कुकर तुम्हाला सहज ओळखू आला. तो ओळखू येऊनही तुम्ही पहिल्या खेपेला हरलात ना?

---

सायंकाळ (शनि, रात्री १०:१४)

हो. मावशीच्या फोनमध्ये मोजणी विसरले होते. पटलं.

---

माळरान (शनि, रात्री ११:००)

पूर्ण सहमत. मी ‘शेजारचा कुकर ओळखू येत नाही’ म्हणून एवढं लिहिलं, पण तो ओळखू येणं ही नुसती पायरी आहे. मोजणी टिकवणं हाच हा गेम आहे. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात शिट्ट्यांचा आकडा कधीही दाखवू नका, जॅममध्ये दोघांनी तो मागितलेला दिसतोय. आकडा दिसला की गेम संपला.

पण हरभऱ्याचे दाणे! ते ठेवा. हॉलच्या टेबलावर तीन दाणे आणि एक वाटी. शिट्टी ऐकल्यावर खेळाडूने स्वतः जाऊन दाणा वाटीत टाकायचा. गेम मोजत नाही, तुम्ही मोजता. दाणा टाकायला हात मोकळा हवा, म्हणजे फोन खाली ठेवावा लागेल, पेन्सिल सोडावी लागेल. शेजारच्या शिट्टीला दाणा टाकलात तरी गेम काही बोलणार नाही. आणि दाणा टाकला की नाही हेच आठवत नसेल तर काय, ही गंमत वेगळीच.

काचेवरची वाफ सगळ्यांसाठी असू दे, अक्षरं चालू-बंद करता येऊ देत. मात्र ती सोय सुरुवातीच्या पानावरच दिसली पाहिजे.

---

हिमवर्षा (रवि, पहाटे २:३५)

जर्मनीतून. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला खेळायला दिला. त्याच्या घरी प्रेशर कुकर आहे, पण तो शिट्टी मारत नाही, झाकणावरची एक खूण वर येते आणि त्यावरून दाब कळतो. त्याला वाटलं, जवळून रेल्वे जाते आहे आणि तीन गाड्या गेल्या की गॅस बंद करायचा. गंमत अशी की तेवढ्या समजुतीवर त्याने नीट मोजलं आणि त्याला वरण-भात मिळाला. मग ताटात काय काय आहे ते विचारत बसला.

माझं मत, परदेशी खेळाडूंसाठी आतमध्ये काही समजावू नका. गेमच्या पानावर दोन ओळी पुरे. भाषांतराच्या ओळी मात्र हव्यात, आईचं वाक्य कळलं नाही तर काहीच कळत नाही.

---

तारमास्तर (रवि, सकाळी ९:०५)

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, फ्रिजवरची चिठ्ठी खुशाल देवनागरी फॉन्टमध्ये लिहा, चित्र करत बसू नका. गोडो ३ मध्ये आपली अक्षरं मोडायची. ‘शिट्टी’ लिहिलं की पहिली वेलांटी शच्या मागे जायची आणि ट्टचे दोन ट पाय मोडून वेगळे बसायचे. गोडो ४ मध्ये, २०२३ पासून, जोडाक्षरं नीट जुळतात. फक्त फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्ये टाका, ब्राउझरच्या भरवशावर सोडू नका, नाहीतर नुसते चौकोन दिसतील.

आणि गुणांबद्दल. तुमच्या जॅमचा नियम माहीत नाही, पण लुडम डेअरमध्ये क्रमांक लागायला किमान २० जणांचे गुण लागतात. बहुतेक जॅममध्ये ज्याचा गेम तुम्ही खेळता तो तुमचा खेळायला येतो. अकरावर थांबू नका. रोज पाच गेम खेळा आणि इथे लोकांनी तुम्हाला लिहिलंय तसं त्यांना लिहा.

---

अर्धमात्रा (रवि, रात्री १०:५०)

आज दिवसभर बसून नवी आवृत्ती केली. जॅमच्या नियमात बसतं तेवढंच जुन्या गेममध्ये दुरुस्त केलं, म्हणजे सुरुवातीचं बटण आणि शेजारच्या शिट्टीची वेगळी फाइल. या दोन्ही निव्वळ चुकाच होत्या, आयोजकांना विचारून केलं. बाकी सगळं वेगळ्या पानावर ‘जॅमनंतरची आवृत्ती’ म्हणून ठेवलं आहे.

तिच्यात पहिली शिट्टी उशिरा येते आणि पुढच्या दोन पाठोपाठ. काचेवर वाफ धरते. अक्षरांची सोय पहिल्याच पानावर आहे. मावशीला मध्येच थांबवता येतं, त्या रुसत नाहीत, “बरं बरं, अभ्यास कर” म्हणतात. वळल्या क्षणाची मोजणी धरली जाते. गॅस बंद केल्यावर वीस सेकंद शांतता आहे. मीठ डावीकडे.

हरभऱ्याचे दाणे टाकले आणि आईला खेळायला बसवलं. तिने पहिला दाणा टाकला, दुसरा टाकला, मग बेल वाजली, दार उघडून परत आली आणि टेबलाकडे बघून मला विचारलं, “हा मी टाकला का गं?” मी काही बोलले नाही. तिने काचेकडे बघितलं, वाफ विरत आली होती, आणि दाणा वाटीत टाकला. बरोबर होतं.

अर्धी शिट्टी मात्र जमली नाही. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तशी शिट्टी नाही, आणि पूर्ण शिट्टी कापून केली तर खोटी वाटते. कोणाच्या कुकरची मिळाली तर हवी आहे.

---

रुखवत (सोम, सकाळी ११:४०)

नातवाकडून फोन ओट्यावर ठेवून घेतला होता. आजच्या कुकरचं पूर्ण रेकॉर्डिंग तुला निरोपात पाठवलं आहे. सव्वासात मिनिटांवर पहिली. दुसरी आणि तिसरीच्या मध्ये एक फुसकी आहे, नीट ऐक. मागे पोळपाट-लाटण्याचा आवाज येईल, तो काढू नकोस.